साडभाऊ, तुझी गाठ सुटली नव्हती

साडभाऊ,

तू गेलास त्याला आज बारा दिवस झाले आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. भांडण एवढंच, की मालवणच्या समुद्रात तो मोठा टूना सुटला तो तुझ्या गाठीमुळे की माझ्या हातामुळे. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास, "मास्तर, गाठ माही सुटली नाही." मी दर वेळी हसून विषय बदलला. आता ऐक. तुझं खरं होतं. गाठ सुटली नव्हती. हे मला त्या दिवशीच, त्या होडीतच माहीत होतं. आठ वर्षं मी ते पोटात ठेवलं, आणि सांगायची हिंमत झाली तेव्हा ऐकायला तू नव्हतास.

म्हणून लिहितोय. लिहिताना तू समोरच बसला आहेस असं वाटतं. पाय पसरलेले, दुपट्टा खांद्यावर, आणि तोंडात नेहमीचं वाक्य, "लवकर सांगा सर, मले तिकडं मोटर काढाची हाये."

लोकांत तू मला सर म्हणायचास, अहोजाहो करायचास. धरणावर आपण दोघंच असलो की "काय बे मास्तर" सुरू व्हायचं. मला ते जास्त आवडायचं. देऊळगाव राजात मला बे म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवली की माणसाभोवती आदराचं कुंपण पडतं, आणि आत बसून फार कंटाळा येतो. तुझ्यासाठी ते पहिल्या भेटीपासून कधी नव्हतंच. आपल्या बायका सख्ख्या बहिणी, तू थोरलीचा नवरा. माझ्या लग्नात तू माझी उलटतपासणी घेशील असं मला वाटलं होतं. तू एवढंच विचारलंस, "पोहता येते का?" मी नाही म्हणालो. "काही हरकत नाही. मासे धराले चाला. काठावर तं बसाचं असते."

तुझा धंदा बोअरमधल्या मोटरी काढायचा. मोताळ्याच्या आसपास कोणाचीही पाण्यातली मोटर बंद पडली की तुला फोन. तिवई उभी करायची, चेन लावायची, आणि तीनशे फुटांवर लोंबकळणारी मोटर पाइपासकट हळूहळू वर घ्यायची. सगळा भार दोराच्या एका गाठीवर. गाठ सुटली तर मोटर तळाला आणि बोअर बाद. इतक्या वर्षांत तुझी एकही मोटर खाली गेली नाही. ह्याचा तुला गर्व होता आणि तो तू लपवतही नव्हतास. "सर, तुमचं अक्षर अन् माही गाठ," म्हणायचास. मला तेव्हा ती बरोबरी जरा जास्तच वाटायची. आता वाटतं की माझ्या अक्षरावर कधी कोणाचं काही लोंबकळलं नव्हतं.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी शोभाला घेऊन मोताळ्याला यायचो. दोघी बहिणी घरात गप्पा मारत बसायच्या आणि आपण नळगंगेच्या धरणावर जायचो. आपल्याकडे रीळ नव्हतं, काठी नव्हती. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगुसाचा धागा, पुढे गळ, गळाला कणकेचा गोळा. तू शिकवलंस ते मला अजून पाठ आहे. "मासा लागला अन् पळाले लागला की मूठ आवळाची. ढिल देली की गेला." धरणातला रोहू दोन-अडीच किलोचा. मूठ आवळली की तो थांबायचा, मान टाकायचा आणि मुकाट काठावर यायचा. त्या एका धड्यावर मी शेकडो मासे काढले. तो माझ्या हातात इतका मुरला की डोक्याला विचारायची गरज उरली नाही.

कमलताईंना आपलं हे खूळ कधीच पटलं नाही. मासे घरी नेले की त्या साफ करायच्या, कालवण करायच्या, चवीने खायच्यासुद्धा. पण आधी बोलून घ्यायच्या. "विहारात हात जोडून पंचशील म्हनता. पहिलंच शील का हाये? जीव घेऊ नये. अन् रविवारी गळ घेऊन निंगता. लाज नाही वाटत?"

तू म्हणायचास, "मी कुठी जीव घेतो? थे सोताच येऊन गिळते."

"अन् तुमी भाऊजी? तुमी तं शिकले-सवरलेले."

मी काही बोलायच्या आत तू सांगायचास, "आमी पाचातले चार पाळून राह्यलो ना. शंभरापैकी ऐंशी मार्क. सर, ऐंशीले काय म्हनते तुमच्या शाळेत?"

"विशेष प्रावीण्य," मी म्हणायचो, आणि कमलताई ताट आदळून आत जायच्या. किती सुखाचे रविवार होते ते.

समुद्राचं वेड तुझंच. एकदा काठावर बसल्या बसल्या तू मोबाइल माझ्या नाकासमोर धरलास. खोल समुद्रात एक माणूस आखूड काठीला झटके देत होता आणि काठी धनुष्यासारखी वाकली होती. "पाह्य मास्तर. ह्याले जिगिंग म्हनते. आटा नाही, दाना नाही. शिश्याचा खोटा मासा खाली सोडाचा अन् झटके देत वर आनाचा. टूनाले वाटते जिताच मासा पळून राह्यला, अन् थो मांगून येऊन धरते." मी म्हणालो, हे आपल्याला जमणार नाही. तू म्हणालास, "काऊन? आपल्याले हात नाही का?" पुढचे चार महिने तू मला सोडलं नाहीस. शेवटी मालवणला नोकरीत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी फोन केला आणि त्याने होडी ठरवून दिली.

दोन दिवस प्रवास करून आपण तिथे पोचलो. तुझ्या पिशवीत दोन दिवसांच्या भाकरी, ठेचा, आणि मोटरी काढायची तुझी ती जुनी पक्कड. "समुद्रात पक्कड कशाला?" तर म्हणे, "हातात असली की बरं वाटते."

होडी चालवणाऱ्या तांडेलाचं नाव बाबल. होडी त्याची, बोलणं कमी आणि नजर सारखी पाण्यावर. पहाटे निघालो ते चार तास नुसतं आतच चाललो होतो. पाणी हिरवं होतं ते निळं झालं, मग निळ्याचं काळसर झालं, जमीन कुठल्या बाजूला ते कळेना. मी कडेला वाकून पोटातलं सगळं समुद्राला देत होतो. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास आणि म्हणत होतास, "होऊ द्या सर, बिनधास्त होऊ द्या. खाली मासे जमा होऊन राह्यले." खरं सांगायचं तर तूही घाबरला होतास. दोन्ही हातांनी फळी धरून बसला होतास. मग तांडेलाने इंजिन मंद केलं, आपलं खोली मोजायचं यंत्र बघितलं आणि म्हणाला, "पंचावन वाव."

"वाव म्हंजे किती?" तू विचारलंस.

"सा फूट."

तू बोटांवर हिशेब केलास आणि तुझा चेहरा उजळला. "तीनशे तीस! मास्तर, हे तं आपल्या पाटलाच्या बोअरएवढंच हाये!" त्यानंतर तू फळी सोडलीस ती सोडलीसच. तीनशे तीस फूट खाली काय चाललंय हे दोरावरून ओळखायचं हे तर तुझं रोजचं काम होतं.

आपल्या दोघांत एकच काठी होती. रिळावर बारीक, रंगीत धागा. पुढे चार हात जाड नायलॉन, कारण टूना अंगाला घासून बारीक धागा तोडतो. त्या दोन्हींना जोडणारी एक गाठ. तांडेल ती बांधायला बसला तर तू त्याच्या हातातून धागा घेतलास. "द्या, ही मी बांधतो." तो हसला. तू वीस वेढे दिलेस, थुंकीने ओले केलेस, दातात धरून आवळलेस. तांडेलाने धागा पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि दोन्ही हातांनी ओढून बघितला. पुन्हा ओढला. मग मान हलवून म्हणाला, "बरी आसा." तू माझ्याकडे वळून अशी मिशी पिळलीस की मला त्या मळमळीतही हसू आलं.

मग त्याने नियम सांगितला, आणि मुद्दाम माझ्याकडे बघून सांगितला. माझा चेहरा मन लावून ऐकणाऱ्याचा दिसतो ना. "मासो धावलो की दोरयेक हात लावचो नाय. रिळाक ब्रेक आसा. तो धावतलो, दमतलो, मगे येतलो. हात लावलास की तुटली." मी मान डोलावली.

पहिली पाळी तुझी. शिशाचा मासा सरसर खाली गेला. तू धाग्याला दोन बोटं टेकवून उभा होतास. तळाला पोचल्याबरोबर म्हणालास, "टेकलं." तांडेलाने यंत्रात बघितलं आणि पुन्हा मान हलवली. झटका, अर्धा फेरा. झटका, अर्धा फेरा. अर्ध्या तासात तुझ्या घामाचा सडा पडला, पण लय चुकली नाही. तुला तसं काम करताना मी कधी एवढं निवांत बघितलं नव्हतं. तुझं सुख मला दिसत होतं आणि मला तुझा हेवाही वाटत होता, तोही सांगून टाकतो.

मग काठी माझ्याकडे आली. मी तिसऱ्यांदा सोडलं, सात-आठ झटके दिले, आणि कोणीतरी खालून दोन्ही हातांनी ओढावं तशी काठी पाण्याकडे वाकली. रीळ किंचाळायला लागलं. तांडेल इंजिनाकडे धावला, होडी माशाच्या दिशेने वळवायला. तू मासा वर ओढायची हूक लावलेली काठी घेऊन होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी गेलास आणि पाण्यात बघायला लागलास. "जावंदे! जावंदे तेका!" तांडेल पाठमोरा ओरडत होता. धागा चालला होता. निळा गेला, पिवळा गेला, हिरवा गेला. रिळाचा रिकामा बुडखा दिसायला लागला. मला सगळं ऐकू येत होतं, समजत होतं, आणि तरी माझा डावा हात आपणहून पुढे गेला आणि त्याने धागा मुठीत आवळला.

नळगंगेचा हात होता तो. दोन किलोच्या रोहूचा.

तळव्यात आग पेटल्यासारखं झालं, फट् आवाज आला, आणि मी मागे आदळलो. काठी सरळ. सगळं शांत. तुम्ही दोघं वळून बघेपर्यंत माझी मूठ उघडलेली होती.

मी धागा गुंडाळला. टोक हातात आलं तेव्हा मी ते नीट बघितलं, कारण ते कसं बघायचं हे तूच मला शिकवलं होतंस. सुटलेल्या गाठीचं टोक वळलेलं असतं, मुडपलेलं असतं. हे टोक फुटलेलं होतं, वातीसारखं भुरभुरलेलं. धागा गाठीच्या अलीकडे तुटला होता. तुझी गाठ अजून समुद्रात होती, त्या माशाबरोबर, जशी बांधली तशी. तुझी पक्कड शेजारीच पडली होती. मी ती उचलली आणि ते टोक कापून पाण्यात टाकलं.

तू आलास. "काय झालं बे?"

मी म्हणालो, "गाठ सुटली वाटतं."

'वाटतं' बघ. मराठीच्या मास्तराचा शब्द. उद्या कोणी पकडलं तर मागे सरकायला जागा ठेवलेली. का बोललो असं? मी तुझं वाईट चिंतलं नाही, साडभाऊ, शपथ घेऊन सांगतो. मला लाज वाटली. वर्षानुवर्षं मी वर्गात सांगत आलो, आधी ऐका, मग करा. आणि एका माणसाने माझ्या डोळ्यात बघून एकच गोष्ट करू नको म्हणून सांगितलं, ती मी दुसऱ्या तासाला केली. त्या लाजेतून बाहेर पडायला मला जे पहिलं दार दिसलं ते तुझं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तांडेलाकडे काठी धरली आणि म्हणालो, "आता तुम्हीच बांधा." तुझ्यासमोर. माझ्या तळहाताकडे तुझं लक्ष गेलं, रक्त येत होतं. "हे काय?" मी म्हणालो, झटक्यात कापलं. तू खिशातला रुमाल काढलास आणि माझा हात बांधलास, हळूच, बोटं हलतील असा. ती गाठ देऊळगावपर्यंत तशीच राहिली. घरी शोभाला ती सुटेना, शेवटी तिने कात्रीने रुमाल कापला. तिने विचारलं, "कोणी बांधली एवढी घट्ट?" आणि मी तुझं नाव घेतलं. तेव्हासुद्धा पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

पण त्या दिवसाचा उरलेला भाग मला आठवतो तो आनंदाचाच. दुपारी तू एक लहान टूना काढलास. पाच किलोचा असेल. तांडेल त्याला कुपा म्हणाला. तू त्याला दोन्ही हातांत धरलंस आणि एकदम ओरडलास, "मास्तर! हा तं गरम हाये! याले ताप आला का बे?" तांडेल आयुष्यात पहिल्यांदा एवढा हसला असेल. कुप्याचं अंग गरमच असतं म्हणाला. तू मला हात लावून बघायला लावलंस. खरंच ऊबदार होता. संध्याकाळी तांडेलाच्या घरी त्याचं कालवण झालं, आपण त्यात आपल्या भाकरी कुस्करल्या, आणि त्याच्या बायकोला ठेचा इतका आवडला की तिने डबाच ठेवून घेतला. तू त्या रात्री झोपेतही हसत होतास.

मात्र तो लहान मासा तांडेलाच्या गाठीवर आला, आणि तिथे तुझ्यावरचा खटला निकालात निघाला.

गोष्ट मीच पसरवली. सासरी, पहिल्या जेवणाच्या पंगतीत, हातवारे करून. मला गोष्ट सांगता येते हे माझं दुर्दैव. तो मोठा टूना दर सणाला दोन किलोंनी वाढत गेला आणि शेवटी यायचं, "अन् आमच्या साडभाऊची गाठ सुटली!" सगळे हसायचे. तू म्हणायचास, "गाठ माही सुटली नाही." लोक म्हणायचे, "असू दे रे. सर कायले खोटं बोलतीन?" ह्या एका वाक्यापुढे तुझं काही चालायचं नाही. तू मोटरी काढणारा, मी मास्तर.

मग तू पुरावा द्यायचं ठरवलंस. अंगणातल्या निंबाला तसाच धागा, तसंच नायलॉन, तशीच गाठ, आणि खाली पाण्याने भरलेली वीस लिटरची कॅन. सगळ्या पाहुण्यांना उन्हात उभं केलंस. कॅन टिकली. सकाळी बघितलं तरी लोंबकळतच होती. माझ्या मेव्हण्याने चहा पिता पिता सांगितलं, "पन कॅन पळत नाही ना, भाऊजी." पुन्हा हशा. मीही हसलो. सगळ्यांत जास्त मीच हसलो असेन.

एक प्रसंग मात्र मला हसता आला नाही. मोताळ्याच्या आठवडी बाजारात आपण दोघं भाजी घेत होतो. एक ओळखीचा शेतकरी भेटला. त्याची मोटर काढायची होती. तुझ्या खांद्यावर हात ठेवून, चारचौघांत, मोठ्याने म्हणाला, "या बाप्पा उद्या. पन गाठ दुसऱ्या कोनाकून बांधून घ्या. तुमची समुद्रात सुटली म्हने!" भाजीवाली हसली, शेजारचे हसले, तूही हसलास. मग आपण गाडीजवळ आलो आणि तू भाजीची पिशवी कॅरियरला बांधलीस. सोडलीस. परत बांधलीस. पुन्हा सोडून तिसऱ्यांदा बांधलीस. तेव्हा मला बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पेरू चांगले दिसताहेत, घेऊन येतो."

तरी आपल्यात कधी अंतर पडलं नाही, आणि हे श्रेय सगळं तुझं. तू मला धरणावर नेत राहिलास, बे म्हणत राहिलास, तुझ्या वाटचा मोठा मासा शोभासाठी देत राहिलास. मनात राग असता तर तो तुला लपवता आला नसता. तुला राग नव्हता. तुला फक्त वाटत होतं की एक दिवस मास्तरला पटेल.

बुलढाण्याला दवाखान्यात तू होतास तेव्हा मी दर दोन दिवसांनी येत होतो. एका दुपारी कमलताई औषधं आणायला गेल्या होत्या. तू छताकडे बघत विचारलंस, "मास्तर, एक सांग. थ्या दिवशी दोराचा शेंडा पाह्यला होता का तू?"

साडभाऊ, तेव्हा खोलीत आपण दोघंच होतो. कोणी हसणार नव्हतं, माझी अब्रू जाणार नव्हती. मी म्हणालो, "आठ वर्षं झाली. आता काय आठवतंय."

"मले आठवते," तू म्हणालास. "वीस येढे देल्ते मी." मग कमलताई आल्या आणि तू त्यांना मला चहा द्यायला सांगितलंस.

चुकलो. तिथे मी चुकलो, समुद्रापेक्षाही जास्त. समुद्रात माझा हात मला विचारून गेला नव्हता. त्या खोलीत मी नीट विचार करून गप्प बसलो.

परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारापुढे मंडप, सगळे पांढऱ्या कपड्यांत, तुझा फोटो हार घालून ठेवलेला. फोटोत तू उगाच गंभीर आहेस, तुला शोभत नाही. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. पहिल्या शीलाला मला तुझं ते ऐंशी मार्कांचं आठवलं आणि ओठांवर हसू आलं. मग चौथं आलं. खोटं न बोलण्याचं. मी नुसते ओठ हलवले. पहिलं शील तू दर रविवारी मोडायचास, पण सगळ्यांदेखत, बायकोच्या शिव्या खात. चौथं मी आठ वर्षं मोडत होतो आणि दर वेळी हात जोडून म्हणतही होतो. तुझे ऐंशी मार्क खरे होते. माझे तेवढेही नव्हते.

आदरांजलीची भाषणं सुरू झाली. ज्यांच्या मोटरी तू काढल्या होत्यास ते एकेक उभे राहिले. मग सूत्रसंचालन करणाऱ्याने सांगितलं, "आता सर आपल्याले समुद्राची गोष्ट सांगतीन." लोक सावरून बसले. त्यांना थोडं हसायला हवं होतं, दहा दिवस रडून झालं होतं.

मी सगळी सांगितली. तीनशे तीस फूट, पाटलाची बोअर, वीस वेढे. नेहमीच्या जागी आलो तेव्हा पुढचे दोघं-तिघं आधीच हसायला लागले होते. मी म्हणालो, "गाठ सुटली नाही. मी धागा मुठीत धरला, म्हणून तुटला. तुटलेलं टोक मी पकडीने कापून टाकलं. आठ वर्षं मी खोटं बोललो. ते खरं बोलत होते."

हसणारे थांबले. मला वाटलं, झालं एकदाचं. आता जे बोलायचं ते बोला मला.

अध्यक्षस्थानी बसलेले म्हातारे गृहस्थ उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते माईकवर म्हणाले, "पाहा, साडू असावा तं असा. गेलेल्या मानसाची चूक सोताच्या अंगावर घेतली. मन लागते याच्यासाठी." आणि सगळ्या मंडपाने माना हलवल्या.

मी पुन्हा माईक घेतला. म्हणालो, नाही, हे खरंच आहे. तळहात वर करून दाखवला. त्यावर आता काय असणार? खडूचा हात. कोणीतरी माझा खांदा थोपटला, "असू द्या सर. समजलं आमाले." तो बाजारातला शेतकरी होता.

जेवणाच्या वेळी कमलताई माझ्या पानात वरण वाढायला आल्या. "भाऊजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्याईच्यासाठी तुमी भर विहारात खोटं बोलले. चौथं शील मोडलं. पन मले बरं वाटलं."

मी म्हणालो, "ताई, मी खोटं नाही बोललो."

"हाव, हाव," त्या म्हणाल्या आणि आणखी एक डाव वाढून पुढे गेल्या.

बसमध्ये मी शोभाला सांगायला लागलो. रुमालाची आठवण दिली, कात्रीची दिली. तिने माझा हात हातात घेतला. "छान बोललात आज. आता पुरे." राजूरच्या घाटात बस वळणं घेत होती आणि मला आधी राग आला, मग एकदम इतकं हसू आलं की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. तू असतास तर किती हसला असतास! आणि मग बे घालून दोन शिव्या दिल्या असत्यास, आणि मला त्या हव्या आहेत, साडभाऊ. तुझ्याशिवाय मला त्या कोण देणार?

मी सांगत राहणार आहे. लग्नात सांगेन, बाजारात सांगेन, शाळेत सांगेन. लोक म्हणतील, असू द्या सर. तुला ते म्हणायचे, असू दे रे. तुझ्या जागेवर आता मी बसलोय. बसून दोनच दिवस झाले आणि खरं बोलूनही कोणी मानत नाही हे मला सोसवत नाही. तू तिथे आठ वर्षं बसलास, आणि शेजारी मला बसू दिलंस.